पाचशे त्रेचाळीस जोड्या डोळे

१ जुलै, मंगळवार
नाय, आता तू मधे बोलू नकोस. वही आहेस, वहीसारखी राहा. कादंबरीचं काय झालं, शॉर्टफिल्मचं काय झालं, तुला सगळं माहीत आहे म्हणून तू मला ऐकवणार? यंदा वेगळं आहे.

विषय: लोकसभा. अख्खी. ५४३ खासदार, शाडूचे, चार इंची, पक्षाप्रमाणे रंग, अर्धगोलात बसलेले. रोह्याच्या मंडळाचा सेक्रेटरी मितेश माझा कॉलेजातला मित्र. त्याने देखावा म्हणून लगेच हो म्हटलं. मंडळाची पाच फुटी गणपतीची मूर्तीही आमच्याच कारखान्यातून नेणार. पेणमध्ये गणपती सगळेच करतात. संसद कोणी केली?

बाबा म्हणाले, कर. पण यंदा आखणीलाही बस. आखणी म्हणजे डोळे काढणं. आमच्याकडे ते फक्त बाबा करतात, त्यांच्या आधी आजोबा. पुढच्या वर्षी माझ्या जागेवर कोण बसणार ते याच सीझनला ठरवू, असंही म्हणाले. ठरवायचं काय त्यात? मुलगा एकच आहे.

रोज पंधरा केले तर सात ऑगस्टला मी मोकळा.

४ जुलै, शुक्रवार
संशोधन. भाजप २४०, काँग्रेस ९९, समाजवादी ३७, तृणमूल २९, द्रमुक २२. एकूण चाळीसच्या वर पक्ष, सात अपक्ष. बायका ७४. सगळं वहीत उतरवलं, चार रंगांच्या पेनांनी.
खासदार झाले: शून्य. पण पाया पक्का.

निशिगंधा (धाकटी बहीण, बी.कॉम. करून दिवसभर कारखान्यातच) म्हणाली, दादा, बंगालमधली एक जागा रिकामी आहे ना सध्या? मग ५४२ ना? म्हटलं, हो तर, धरलंय मी ते. धरलं नव्हतं. असो. एक काम कमी झालं.

१३ जुलै, रविवार
नवीन साचा करायला वेळ नाय. म्हणून छोट्या गणपतीचा साचा वापरला. सोंडेचं डोकं काढून माणसाचं बसवलं, मागचे दोन हात कापले. पोट राहिलं. पुढचा आशीर्वादाचा हातही राहिला, तो कापला की खांदा फुटतो.

हौसाकाकी धरमतर खाडीकडची. वीस वर्षं ओला ब्रश फिरवून आमच्या मूर्ती गुळगुळीत करते. ओळीत बसलेले खासदार बघून म्हणाली, बाला, यो कंचा देव रं? सगलेच आशीर्वाद देतान. पोट पन सगल्यांना सारखाच.
मी म्हटलं, काकी, हे राजकीय भाष्य आहे.
व्हय, म्हणाली, त्या बरोबर हाय.
एकूण: ३१.

२४ जुलै, गुरुवार
पाऊस. काही वाळत नाय. जवळजवळ ठेवल्यामुळे शेजाऱ्याशेजाऱ्याचे रंग एकमेकांत उतरले. सकाळी बघतो तर अकरा भगवे निळे पडलेले आणि एक अपक्ष तीन पक्षांत. स्प्रे मारणारा शिवा म्हणाला, भाई, तुझं सरकार पडलं. अख्खा कारखाना हसला. मी त्यांना हवेतल्या ओलाव्याबद्दल सांगितलं. कोणी ऐकलं नाय. बारा जण पुसून परत पांढरे केले.

बाबांच्या हातातून कुंचला दोनदा पडला. चहा कमी करायला हवा त्यांनी.
एकूण: २७ (पुसलेले धरले नाहीत).

३ ऑगस्ट, रविवार
निशीने मागच्या पडवीत गाठलं. दादा, बाबांचा हात बघितलास? डॉक्टर म्हणाले आता बारीक काम बंद. तुला सांगू नको म्हणून मला शपथ घातली. तू एक तरी डोळा काढून दाखव त्यांना, मग जीव भांड्यात पडेल त्यांचा.

मी म्हटलं, हात काय थरथरतो? कालच खांब गावच्या लोकांनी मूर्ती नेली, तिचे डोळे बघितलेस? तो माणूस दारातच हात जोडून उभा राहिला. असे डोळे थरथरत्या हाताने निघतात का?
ती ओढणीला लागलेला काळा रंग पुसत राहिली. म्हणजे मुद्दा पटला.

नवा विचार: ५४३ हा हट्ट आहे. २७२ झाले की बहुमत. देश त्याच्यावर चालतो, मग देखावा का नाय चालणार?

९ ऑगस्ट, शनिवार
राखी. ओवाळणीत काय देऊ विचारलं. निशी म्हणाली, उद्या सकाळी आखणीला बस, बास. मी तिला हेडफोन दिले.

सभागृह चालायला एक दशांश सदस्य हजर असले तरी पुरतं. म्हणजे ५५. घटनेतच लिहिलंय. माझ्याकडे ३९ आहेत. सोळाच कमी.

१६ ऑगस्ट, शनिवार
मितेश रोह्याहून बघायला आला. बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, सुज्या, सगळ्यांचे हात वर का?
म्हटलं, मतदान चाललंय.
मग विरोधात कोण?
हा प्रश्न माझ्या लक्षात आला नव्हता असं नाय.

मग म्हणाला, यांचे डोळे? म्हटलं, कोरे चेहरे. कन्सेप्ट आहे. तो म्हणाला, कन्सेप्ट तुझ्या जागी, आमच्या आळीतल्या बायका विचारतील, आंधळे कशाला आणून बसवलेत सणाला.
रोह्यात प्रयोगाला वाव नाय.

२३ ऑगस्ट, शनिवार
मितेश टेम्पो घेऊन आला. पाच फुटी मूर्तीचे डोळे बाकी होते. बाबांनी ते मुद्दाम ठेवले होते, हे आता कळतंय.

आमच्याकडे रीत आहे. आखणीला बसला की उठायचं नाय, आणि दोन्ही डोळे एकाच हाताचे. शिवाने कॉम्प्रेसर बंद केला. बाबांनी चौरंग पुसला आणि मला म्हणाले, ये.

लिहूनच टाकतो. डावा डोळा झाला. म्हणजे तो डोळा आहे हे कळत होतं. उजवा काढताना हात आपोआप वर गेला आणि देव मितेशकडे बघायचा सोडून पंख्याकडे बघायला लागला. उजेड कमी होता. कुंचला जाड होता. टेम्पोवाला सारखा हॉर्न मारत होता.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ओलं फडकं घेतलं, दोन्ही डोळे स्वतः पुसले. तेवढं करतानाही हात इतका हलत होता की हौसाकाकीने मनगट धरलं. मग म्हणाले, निशी, बस.

ती बसली. वीस मिनिटं. पंख्याचा आवाज तेवढा. उठली तेव्हा काकी म्हणाली, बगतोय गो यो, बाय, मनाच बगतोय, माझेकरंच!
शिवा हळूच म्हणाला, भाई, गेल्या वर्षीपासून हिचेच डोळे जातात. खांबची मूर्तीपण. तुला खरंच माहीत नव्हतं?

म्हटलं, माहीत होतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार, दुपारी, पेण एसटी स्टँड
मितेशचा फोन येऊन गेला. टेम्पोतून मूर्तीबरोबर गेलेल्या ४१ मधले बारा खासदार ठेवलेत. हात वर आहेत, म्हणून आरती करणारे भक्त म्हणून चालतील. बाकीचे पोत्यात, येऊन घेऊन जा म्हणाला. एका रंगाचे दिसावेत म्हणून बाराही जणांना पांढरा मारलाय.

निघताना कारखान्यात गेलो. निशी शेवटच्या घरगुती मूर्तीवर होती. दारातूनच सांगितलं, निशी, मला डोळे जमत नाहीत. दहावीत असताना तीन चोरून काढून बघितले होते, तिन्ही बिघडले, मागच्या भाताच्या खाचरात बुडवले. त्यानंतर कुंचला धरायलाच भीती वाटते. लोकसभा त्यासाठीच होती, बाकी काही नाय. जागा तुझी आहे. तिला मधेच उठता येत नाय, हे माहीत होतं, म्हणून तेव्हाच सांगितलं.

रोहा गाडी लागली. पोतं आणायचं, एवढंच काम आहे. राहीन दोन दिवस.

बाबा रस्ता ओलांडतायत. छत्री नाय, पायात कारखान्यातल्याच चपला. एक हात दुसऱ्या हाताने धरलाय. मला बघितलं त्यांनी. काहीतरी सांगायचंय त्यांना.

कंडक्टरने घंटी मारली. चढतो.