ताईचे दहा निंब

धामणगाव बढे,
ता. १२ ऑक्टोबर १९६४

सौ. रुख्मिणीताईस,

धाकट्या माणिकचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मी खुशाल आहे, म्हणजे उपाशी नाही. मधे लोणारला एका हॉटेलात कपबशा विसळल्या. तिथल्या तळ्याचं पाणी असं खारट, की हात धुतले तरी चिकट राहतात. तिथून काऊन निघालो ते विचारू नको, माझे पाय तुले माहीत आहेत.

तुझा निरोप मिळाला. इथल्या टेकडीवरचे तुझे दहा निंब केवढे झाले, ते कळव म्हणतेस. कळवतो. इकडे कपाशी बरी आहे.

इथल्या भट्टीवरचे मजूर सांगत होते, भाऊजींनी कोळशासाठी तुमच्या वडनेरच्या बांधावरचा निंब तोडायला काढला तेव्हा तू कुऱ्हाडीपुढे उभी राहिलीस. "एकाच्या बदल्यात दहा लावतो, पोराच्या नावानं," असं ते म्हणाले, तेव्हा कुठं बाजूला झालीस. तुझं तान्हं त्याच निंबाच्या मुळाशी पुरलेलं.

श्रावणात वनमहोत्सवाला इथं साहेब येऊन गेले. हार झाले, भाषण झालं, टेकडीवर दहा निंबांसोबत फोटू निघाला. शेजारी भट्टी धुपतच होती.

मी भादव्यात आलो तर पानं वाळलेली. वाटलं, पाणी नसेल. नाल्यातून घागरी वाहू लागलो. शेळ्या चारणारी पंचफुलाबाई रोज पाहायची. एक दिवस तिला राहवलं नाही.

"काय करून राह्यला बे?"

"झाडाले पाणी घालतो."

"झाड? उपटून तर पाह्य!"

उपटलं. अलगद हातात आलं. खाली मूळ नव्हतं, कुऱ्हाडीचा तिरपा घाव होता. मग दुसरं उपटलं, मग सगळीच. पंचफुलाबाई म्हणाली, साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी भट्टीवर वडनेरहून लाकडाचा ट्रक उतरला होता, त्यातल्याच हिरव्या फांद्या खड्ड्यांत खोचलेल्या. ताई, तो ट्रक तुझ्या निंबाचा होता.

भाऊजी भट्टीवर आले तेव्हा त्यांना विचारलं. बिडी विझवत म्हणाले, "दहा म्हटलं, दहा लावले. जगवतो असं कधी म्हटलं बे?" वरून मलेच काम देऊ केलं. दिवाळी झाली की बांधावरचा बुंधा खणून काढायचा, मुळाचा कोळसा चांगला पेटतो म्हणे. मी खणणार नाही. पण खणणारा दुसरा मिळेल. तिथं खणल्यावर आणखी काय वर येईल, हे त्यांना ठाऊक नाही असं नाही.

तेव्हापासून मी लाकूड जाळत नाही. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाकर भाजतो, अर्धी कच्चीच राहते. माझ्या एका चुलीनं काय वाचणार? हसशील तू.

हे पत्र तुले भाऊजीच वाचून दाखवतील. भाऊजी, इथवर आलात तर मोठ्यानं वाचा. नाही वाचलंत तरी चालेल. ताई, विमलबाई कासारीण बांगड्या भरायला येईल तेव्हा तुझ्या हातात त्या दहांतली एक काडी ठेवेल. ती वाचायला कोणी लागत नाही. तिचं खालचं टोक पाह्य, आणि बुंध्यावर जाऊन बस. उठू नको.

महिनाभर काड्यांना पाणी पाजणारा,
तुझा माणिक