इमामबीनं मला मालकाच्या सोप्यावर ठेवलं, त्याची हकीकत

मंगळवार पेठ, कोल्हापूर
फेब्रुवारी १९१२

दोस्त भीमाप्पा यास शमशुद्दीनचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. (तुला आवडेल तो ठेवून घे, उरलेला रत्नव्वा वहिनींना दे.) तुझी चांदीची भट्टी, वहिनींची कंबर आणि पोरंबाळं ठीक असतील अशी आशा करतो. माझी खुशाली विचारशील तर मी जिवंत आहे, पण बसलेल्या धक्क्यातून अजून बाहेर आलेलो नाही. पाय मोडल्याचा धक्का केव्हाच ओसरला. हा बायकोचा, इमामबीचा आहे.

चनबसाप्पा मालकांच्या कापसाच्या कारखान्यात मी गासड्या वाहतो, हे तुला ठाऊक आहेच. दिवाळीनंतर थप्पीवरची एक गासडी घसरली आणि माझ्या उजव्या पायावर येऊन बसली. (बसली म्हणजे अगदी ऐसपैस बसली. चौघांनी ओढली तेव्हा उठली.) हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि पाय वाचेल, पण लंगडेपणा जायचा नाही, असं बजावलं. मालक बघायला आले. म्हणाले, "गासडीला काय डोळं हायत? तू बाजूला व्हायचं हुतंस." त्या दिवसापासून मजुरी बंद. मालकाला जाब विचारावा असा कुठला कायदा मला तरी माहीत नव्हता, आणि मालकालाही नव्हता. त्यामुळं आमचं दोघांचं एकमत झालं आणि मी घरी पडून राहिलो. इमामबीनं आधी कोंबड्या विकल्या, मग कानातलं. बोलली काही नाही. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

एका सकाळी ती म्हणाली, वैद्याकडं पाय दाखवून येऊ. शेजारच्या गणपतरावांची बैलगाडी तिनं मागून आणली. मला गाडीत निजवलं, आणि सोबत माझी वाकळ, तांब्या, तंबाखूची चंची, दोन सदरेही ठेवले. (वैद्याकडं दोन सदरे कशाला, हे कुणीही विचारलं असतं. मी नाही विचारलं.) गाडी वैद्याच्या बोळावरून सरळ पुढं गेली आणि मालकांच्या घरापुढं थांबली. गणपतरावांनी आणि तिनं मला उचलून दारापुढच्या ओसरीवर, सोप्यावर ठेवलं. मालक दात घासत बाहेर आले. इमामबीनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मालक, ह्यांना धड नेलतं, मोडून दिलासा. आता नीट हुईस्तोर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या." एवढं बोलून ती गाडीत बसून निघून गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. मालक माझ्याकडं बघत राहिले, मी मालकांकडं. मला उठता येत नव्हतं आणि त्यांना तोंडातल्या राखुंडीमुळं बोलता येत नव्हतं.

उचलून रस्त्यावर ठेवावं, तर बघायला सगळी पेठ जमलेली. तेव्हा मी राहिलो. व्यापारी येत, चपला काढताना माझ्यावर अडखळत आणि विचारत, "काय पावणं, पायाला काय झालं?" झाडावरून पडलो म्हण, असं मालकांनी मला शिकवून ठेवलं होतं. मी एकदा तसं म्हटलंही. कुठल्या झाडावरून, असं त्या माणसानं विचारलं, आणि माझ्या तोंडून 'गासडीच्या' असं निघालं. त्यानंतर मालकांनी शिकवणं सोडलं. त्यांच्या आई गंगव्वा मात्र सोप्यावर येऊन नीट बसल्या. म्हणाल्या, "तम्मा, लेकरा, खरं काय ते सांग." मी सांगितलं. त्या आत गेल्या, आणि लेकाचं जेवणाचं ताट वाढायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशीही राहून गेलं. मला मात्र वेळेवर भाकरी, झुणका, ताक. (लिंगायताचं घर, मटणाचं नाव नाही. स्वप्नात येई, पण रस्सा पातळ असे.)

हसू नकोस. एकदा दुपारी गाडीवान पोतं उचलताना दिसला आणि माझे खांदे आपोआप ताठ झाले. मग आठवलं, आता हे आपल्याला जमायचं नाही. तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून पडलो. रोज संध्याकाळी इमामबी समोरच्या रस्त्यावर यायची, "जेवलासा का?" विचारायची, आणि मी मान हलवली की जायची. मी रागानं बोलत नव्हतो. पण तिची वाट मात्र बघायचो.

अखेर मालक स्वतः आमच्या बोळात गेले. आमच्या दाराची चौकट बुटकी, त्यांचा फेटा अडकून पडला, तो इमामबीनं उचलून दिला आणि बोलणं सुरू केलं. पंचांसमोर ठरलं ते असं: मी जिवंत असेतोवर निम्मी मजुरी, कारखान्याच्या फाटकाजवळ बसून वजनकाटा बघायचं काम, आणि यापुढं ज्याचा हातपाय जाईल त्यालाही हाच न्याय. मला न्यायला गाडी आली तर गंगव्वा म्हणाल्या, "पाय अजून बरा न्हाय, ऱ्हाऊ दे की." मालकांनी स्वतः माझी वाकळ गुंडाळून गाडीत टाकली.

घरी आल्यावर मी इमामबीला विचारलं, तुला भीती कशी वाटली नाही? ती म्हणाली, "वाटली की. त्यांनी तुम्हाला बाहेर टाकलं असतं तर परत आणायला गाडी न्हवती." 

तुझा लंगडा,
शमशुद्दीन

ता. क. तुझ्या भट्टीवरच्या गुंडूच्या डोळ्यात तापलेली चांदी उडाली आणि तू त्याला घरी बसवलंस, असं त्याची बायको बाळाबाई इथं येऊन सांगत होती. मी म्हटलं, भीमाप्पा आपला माणूस, करेल काहीतरी. इमामबी म्हणाली, तुमच्या मालकालाही कुणीतरी आपला माणूस म्हणतच असेल. तर दोस्ता, हात जोडून सांगतो, काय द्यायचं ते लवकर ठरव.

आणखी एक. हे लिहीत होतो तोवर गणपतरावांची गाडी दारातून गेली. पुढं इमामबी, मागं बाळाबाई. हुपरीला जाऊन गुंडूला त्याच्या घरून घ्यायचं आणि तिथून तुझ्या दारात, असं बोलताना कानावर आलं. टपालाआधी बैल पोचतील असं वाटतं. सोपा झाडून ठेव.