उत्तर एकतीस तारखेपर्यंत

१ मार्च, रविवार
सीट मिळाली. लहान मुलांच्या श्रवणाचा दोन वर्षांचा कोर्स, दुसऱ्या शहरात. एकच सीट होती आणि ती मला. ईमेल तीनदा वाचली, मग जाऊन हात धुतले. का, ते माहीत नाही. उत्तर एकतीस तारखेपर्यंत कळवायचं आहे.

लगेच हो कळवणार होते. मग आठवलं, अर्ज करताना देवाला विचारलं होतं खरं, पण उत्तराला थांबलेच नव्हते. आजच उपासनेत पाळकसाहेब म्हणाले की आपली प्रार्थना म्हणजे यादी वाचून दाखवायची आणि उठून जायचं. हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. (मी खांबामागे बसले होते. तरीही.)

ठरलं. तीस दिवस, रोज पहाटे साडेपाच ते सहा. बोलायचं नाही, मागायचं नाही, फक्त ऐकायचं. कानाच्या दवाखान्यात लोकांची श्रवणशक्ती तपासते मी. ऐकणं म्हणजे काय हे मला शिकवायला नको. दहा दिवसांत उत्तर येईल. उरलेले वीस आभार मानायला ठेवले आहेत.

२ मार्च, सकाळी ६.०५
पहिली सात मिनिटं उत्तम. मग पप्पांचा खोकला, मग नळ, मग आई दार ढकलून आत. बरं वाटत नाही का म्हणाली. मौन मोडायचं नव्हतं म्हणून हातानेच खूण केली. तिला वाटलं घसा बसलाय. गरम पाणी आणून ते मी पिईपर्यंत समोर उभी राहिली.

वहीत दोन रकाने आखले आहेत: ‘देव’ आणि ‘मी’. जे ऐकू येईल ते ज्याच्या त्याच्या रकान्यात. आज ‘मी’मध्ये: दूध संपलंय, डाव्या पायाला मुंग्या, तुडतुडीला कसं सांगायचं. ‘देव’ कोरा. पहिलाच दिवस आहे.

३ मार्च
तुडतुडीला सांगितलं. ती दवाखान्यात कानाचे साचे घेते आणि फोनही सांभाळते. एका जागी बसत नाही म्हणून डॉक्टरांनीच ठेवलेलं नाव. तिनेही त्याच कोर्सला अर्ज केला होता आणि वेटिंग लिस्टवर ती पहिली आहे. मला वाटलं, रडेल. म्हणाली, हो कळवलंस ना? म्हटलं, अजून ऐकतेय. म्हणाली, कोणाचं? म्हटलं, देवाचं. म्हणाली, बरं, तो बोलला की मलाही सांग बाई, म्हणजे मला जीव टांगणीला लावून बसायला नको. आणि पेशंटच्या कानात लगदा भरायला गेली.

ती सँडलचा पट्टा लावता लावता प्रार्थना करते. एका ओळीची. मी स्वतः पाहिलंय. अशाने तिला काय ऐकू येणार? तिची काळजी वाटते.

७ मार्च
‘देव’ अजून कोरा. दोष घराचा आहे. या घरात देवाला मधे बोलायला जागाच नाही.

उपाय सापडला. दवाखान्यातला बूथ! तपासणीची आवाजबंद खोली, जाड भिंती, जाड दार, एक काच. जेवणाच्या सुट्टीत रिकामीच असते. डॉक्टरांना सांगितलं की रोज वीस मिनिटं मशीन तपासून बघते. हे खोटं बोलणं झालं. नंतर देवाजवळ कबुली दिली, पण त्यात ऐकण्याची पाच मिनिटं गेली.

९ मार्च, दुपारी १.४०
बूथमध्ये इतकी शांतता असते की मान वळवली की मणका ऐकू येतो. पोट तर फारच. उद्यापासून जेवून बसायचं.

१० मार्च
जेवून बसले. झोप लागली. अडीचचा पेशंट, निवृत्त बसड्रायव्हर, काचेवर टकटक करत होता म्हणे. मग डॉक्टरांकडे जाऊन म्हणाला, आतल्या बाईची केस कठीण दिसतेय, तिला काहीच ऐकू येत नाहीये. तुडतुडी दिवसभर हसत होती. मी लक्ष दिलं नाही. वाटेत अडथळे आले म्हणजे वाट बरोबर आहे.

१३ मार्च
आलं. १.५२ ला, अगदी स्पष्ट: जा. ‘देव’ रकान्यात लिहिलं.

२.१० ला वाटलं, पण मला तर जायचंच आहे. मग हे माझंच कशावरून नसेल? मला अक्षरं यायच्या आधी पप्पांनी संध्याकाळच्या प्रार्थनेत मांडीवर बसवून शिकवलं होतं की जे फार हवं असतं, त्यात आपलाच आवाज मोठा असतो. घरात शिकलेलं पुसलं जात नाही. खोडलं आणि ‘मी’मध्ये घेतलं.

२.२५. पण तो खरंच देव असेल, तर मी त्याचं बोलणं खोडलं. पुन्हा लिहिलं, या वेळी मधल्या रेघेवर. पान अगदी घाण झालंय. उद्या नवी वही आणावी.

१६ मार्च
डॉक्टर म्हणाले, रोज मशीन तपासतेस ना, मग आज तूच बस, मी तपासतो. नाही म्हणता येईना.

हेडफोनमध्ये बारीक टूं वाजलं की हातातलं बटण दाबायचं, एवढंच असतं. रोज वीस लोकांना मीच हे समजावते. काही पेशंट आवाज नसतानाही दाबत सुटतात. ती काळजी करणारी माणसं. वाजलं आणि आपण चुकलो असं होईल म्हणून घाबरतात. त्यांच्या रिपोर्टवर खाली एक शेरा लिहावा लागतो.

माझा रिपोर्ट: श्रवण उत्तम. आवाज नसताना चौदा वेळा दाबलं. आवाज असून सहा वेळा दाबलं नाही. ते सहा का सोडलेस असं डॉक्टरांनी विचारलं. म्हटलं, खात्री नव्हती. शेरा: ‘भरवसा कमी’. तुडतुडी म्हणाली, फ्रेम करून देऊ का?

हेडफोनची वायर सैल असावी.

१९ मार्च
पाळकबाईंकडे गेले. चर्चमधल्या खुर्च्या रचत होत्या. चार खुर्च्या माझ्या हातात दिल्या आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, अगं जा की. म्हटलं, पण तो काहीच बोलत नाहीये. म्हणाल्या, कधी कधी माणसांच्या तोंडून बोलतो. म्हटलं, कुठल्या माणसांच्या, हे कसं ओळखायचं? म्हणाल्या, आता तुझ्यासमोर मी उभी आहे, माझ्यापासून सुरुवात कर. थट्टा केली असावी.

तरी ‘माणसं’ असा तिसरा रकाना आखला. पाळकबाई: जा. डॉक्टर: जा, पण पंधरा दिवस आधी सांग. आई: जा, आणि स्वेटर दोन ने. तुडतुडी: जा. (यात तिचंच नुकसान. मग असं का सांगते?) सगळ्यांनी एकच सांगावं हे जरा ठरवून केल्यासारखं वाटतं. जमेस धरू नये.

२२ मार्च, रविवार
पप्पांना विचारायचं टाळत होते. ते ‘हो’ म्हणतील आणि मनात त्यांना नको असेल, मग? आज तेच गच्चीवर आले. म्हणाले, आईकडून सगळं कळलंय, तुझं काय अडलंय? मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंत, फार हवं असतं त्यात आपलाच आवाज मोठा. पप्पा जरा वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, अगं, ते मी स्केट्सबद्दल म्हणालो होतो. तू पडली असतीस.

एवढं बोलून दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागले. चिमटे माझ्या हातात देत गेले.

वीस वर्षं मी त्या वाक्यावर चालले आहे. मला वाटतं पप्पांना नीट आठवत नाही.

२६ मार्च
आता खूण मागते आहे. असं करू नये हे माहीत आहे, पण दिवस उरले पाच. उद्याचा पहिला पेशंट डाव्या कानाचा आला तर जायचं, उजव्या कानाचा आला तर राहायचं.

२७ मार्च
दोन्ही कान.

३० मार्च
तुडतुडीने आज मला साच्यांच्या टेबलाशी गाठलं. म्हणाली, जायचं असेल तर जा, तुला मी स्वतः गाडीत बसवून देते. नसेल जायचं तर तसं सांग. पण आपण दोघी तुझ्या त्या वहीत अडकलोय. मग दोन मिनिटांनी सॉरी म्हणाली आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं सफरचंद दिलं.

मी खरं तर चिडले होते, पण तिच्यावर नाही. मी माझ्या बाजूने चोख वागले आहे. एकोणतीस दिवसांत एकदाही चुकवलं नाही (झोप लागली ते चार दिवस धरून). तोंडातून शब्द काढला नाही, काही मागितलं नाही. मग समोरून इतकं का होऊ नये? एक शब्द. मला लांबलचक काही नको होतं. इथे बसून भिंतीकडे बघते आणि भिंत माझ्याकडे बघते.

हे लिहायला नको होतं. पण पेनने लिहिलंय.

३१ मार्च, दुपारी ४.१५
मुदत पाच वाजेपर्यंत. योजना पक्की आहे. ‘हो’ची ईमेल लिहून ठेवली आहे, फक्त पाठवायची. चारचा पेशंट आला नाही, बूथ रिकामा आहे. शेवटची संधी देते. (देवाला नाही. मला. कोणाला ते नंतर बघू.) पावणेपाचला बाहेर. काही आलं नाही तरी पाठवायची.

५.२०
पोट नाही, मुंग्या नाहीत, यादी नाही. आज पहिल्यांदाच मी कसलीच वाट बघत नव्हते. कोणी काही बोललं नाही. पण कोणीतरी शेजारी येऊन बसावं आणि त्यालाही काही बोलायची घाई नसावी, तसं वाटलं. घड्याळ बघितलं तर ते उठून जाईल अशी भीती वाटली, म्हणून बघितलं नाही.

बाहेर आले तेव्हा पाच वाजून बारा मिनिटं. तरी पाठवली. चार मिनिटांत उत्तर: मुदत संपली आहे, जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या उमेदवाराला देत आहोत.

तीस दिवसांत तो एकदाच आला, आणि नेमका त्याच वेळेला. की मीच उठले नाही? हे कुठल्या रकान्यात लिहू?

२ एप्रिल
तुडतुडी रडली. मी नाही. ती म्हणाली, मी त्यांना सांगते, जागा तुलाच द्या. खरंच फोन लावायला निघाली होती. मी तिचा हात धरला. नुसता हात धरायला इतका जोर लागेल असं वाटलं नव्हतं.

मग विचारलं, हो म्हणण्याआधी तू देवाकडून खात्री करून घेतलीस का? म्हणाली, खात्री कसली? बोलावलंय असं समजून हो म्हटलं. चुकलं असेल तर तो काय मला तिथेच सोडून देणार आहे?

तिच्या या बोलण्यात बऱ्याच चुका आहेत. दुपारभर शोधल्या. एकही सापडली नाही.

१५ एप्रिल
तुडतुडी गेली. स्टँडवर तिची पिशवी मी धरली होती. ती खिडकीतून मोठमोठ्याने काहीतरी सांगत होती, पण गाडीच्या इंजिनात काही कळलं नाही. मी मान हलवली. तिला ते पुरलं असावं.

पप्पा संध्याकाळी म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. म्हटलं, विचार करते. म्हणाले, नको, अर्ज कर.

१६ एप्रिल
नवीन कोणी मिळेपर्यंत तुडतुडीचं टेबल माझ्याकडे आहे, फोनसकट. यात अवघड काही नाही असं डॉक्टर म्हणाले. वाजला की उचलायचा.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला. तो आपल्यासाठीच आहे ना, याची जरा खात्री करून घेत होते. सातव्या रिंगला बंद झाला.