जोडीला पाठवलेलं रक्त

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. मी इथे बरी आहे. आईचे डोळे कसे आहेत?

वहिनीचं रक्त माझ्या लॅबमध्ये पाठवताना तू लिहिलं होतंस, ‘माझंही आपलं जोडीला.’ वहिनीचा रिपोर्ट स्वच्छ आहे. शेहेचाळीस गुणसूत्रं, सगळी जिथल्या तिथे.

तुझी पंचेचाळीसच भरली. वाटलं, मीच चुकले. स्लाइड बदलून पुन्हा मोजली. पुन्हा पंचेचाळीस.

प्रत्येक गुणसूत्राला कंबरेसारखी एक आवळलेली जागा असते, तिला सेंट्रोमियर म्हणतात. पेशीचे दोन भाग होताना तिथेच धागे धरतात आणि दोन्हीकडे सारखी वाटणी होते. तुझी दोन गुणसूत्रं तिथेच एकमेकांना चिकटली आहेत. त्या ओढाताणीत तुझ्या बीजात कधी एखादं गुणसूत्र जास्त जातं, कधी कमी, आणि मग गर्भ टिकत नाही. तुझ्या तब्येतीला धोका नाही, तू जन्मापासून असाच आहेस. मूल होणारच नाही असंही नाही.

तीनदा वहिनी दवाखान्यातून रिकाम्या हाताने आली. तिन्ही वेळा आई म्हणाली, “हिच्यातच खोट आहे,” आणि तू पेपरातून मान वर केली नाहीस. गेल्या महिन्यात तर तिला माहेरी पोचवून आलास.

आता तरी तू तोंड उघडशील असं मला वाटत नाही. म्हणून या पत्राच्या दोन नकला केल्या. एक वहिनीच्या माहेरी पाठवली. दुसरी आईला, चांगल्या मोठ्या अक्षरात, म्हणजे तिला तुझ्याकडून वाचून घ्यायला नको.

तुझीच,
धाकटी