पटाचा खळगा

तेंदो, १९ ऑक्टोबर १९८७

चि. किनुए हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, इकडे सगळे धड आहेत. नदीकाठी अळकुड्यांची पातेली चढू लागली. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात. मी अजून मोहरे कोरतो.

एक माणूस आलाय. मिकामी, क्योतोचा. आपल्या शोगीचा, या जपानी बुद्धिबळाचा इतिहास शोधत गावोगाव हिंडतो म्हणे. हा खेळ भारतातून निघाला तो चीनमार्गे आला की समुद्रातून, यावर तासभर बोलला. फार गोड बोलतो. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्याला कुणीतरी सांगितलंय, आपल्याकडे झिंगलेला हत्ती होता. जुन्या खेळातला तो मोहरा गं, राजा पडला तरी युवराज होऊन डाव पुढे नेणारा. मी म्हटलं, हरवला. त्यावर त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. असल्या लिहून घेणाऱ्यांचा काही भरवसा नाही.

तीन दिवस येतोय. तो गेला की मी डबा उघडून मोहरे तपासतो. काल त्याने बाबांचा तो चार पायांचा जाडजूड पटच मागितला. खाली कारागिराचं नाव असतं, जरा उलटा करून बघू का म्हणाला. मी ताडकन सांगितलं, पटाला हात लावायचा नाही. तो गेल्यावर तुझी वहिनी म्हणाली, "अहो, तुम्ही त्या माणसाला घाबरत नाही. पटाला घाबरताय."

आता लिहितोच.

पटाच्या पोटाला खळगा असतो, आठवतो? दुसऱ्याच्या डावात तोंड घालणाऱ्याचं मुंडकं ठेवायला तो, असं म्हणून बाबा मला चिडवायचे. तुला कधीच नाही.

बाबांची वाचा गेली त्याच महिन्यात हत्ती दिसेनासा झाला. तुझ्या लग्नाच्या सकाळी मी तुझी पेटी सासरच्यांदेखत उघडायला लावली. एकेक किमोनो जमिनीवर काढला. तू एवढंच म्हणालीस, "दादा, मी नाही घेतला." काही सापडलं नाही, तरी माझा संशय गेला नाही.

बाबा अंथरुणातून सारखा पटाकडे हात करायचे. मला वाटलं, खेळायचंय. मी रोज मोहरे मांडायचो आणि ते रडायचे. आपल्या घरात पट दिसला की मांडायचा, एवढंच ठाऊक. उलटा करावा हे माझ्या टाळक्यात कसं येणार?

ते गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला पट पुसायला म्हणून उलटा केला. खळग्यात खळीनं चिकटवलेली पुडी होती. आत हत्ती. कागदावर बाबांचं अक्षर: 'किनुएला, लग्नाच्या दिवशी.'

दहा वर्षं झाली त्याला. मी पुडी परत तिथेच चिकटवली. तुला कळवायचं तर माफी मागावी लागली असती, आणि मला तेवढंही जमलं नाही. मी वाईट वागलो, किनुए.

आज सकाळी मिकामींना सांगितलं, हत्ती आहे, पण बहिणीचा आहे, तिने दाखवला तरच बघा. ते रविवारपर्यंत थांबतायत. इतिहासाचं त्यांचं ते बघतील. तू ये. पट मी उलटा करणार नाही, तूच कर.

हत्ती काढून घेतलास की खळगा रिकामा होईल. त्यात कुणाचं मुंडकं ठेवायचं, ते बाबा सांगून गेलेच आहेत.

तुझ्या पेटीला हात घालणारा,
तोकुजीदादा