मोहिनीची बदली आणि एक लाल खुजा तारा

११ जून २००७, सोमवार
मोहिनी आज कळवणला गेली. नव्या शाळेत हजर व्हायचं होतं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असली की हे चालायचंच. सोळा वर्षं नाशिकला लागून असलेल्या शाळेत काढली, आणि सरकारने उचलून टाकलं ऐंशी किलोमीटरवर. अन्याय आहे. पण मी शांत राहिलो.
स्टँडवर सोडायला जाणार होतो. पण माझ्या ओझरच्या फॅक्टरीची बस आमच्या कोपऱ्यावर सात-पाचला येते आणि कुणासाठी थांबत नाही. रिक्षापर्यंत एक बॅग नेली. बॅगा तीन होत्या. दोन-चार महिन्यांसाठी एवढं सामान कशाला, असं विचारलं. असू द्या, म्हणाली.
संकल्प: महिन्याच्या आत बदली रद्द करून आणणे.

१२ जून, संध्या. ६.३०
समोरच्या मंगलाबाईंनी विचारलं, मॅडम दिसत नाहीत. सांगितलं, सरकारी बदली झाली, आपल्या हातात काय असतं. त्या हळहळल्या. मग म्हणाल्या, भाऊ, तुम्ही त्या कॉम्प्युटरवर सारखं काय करत असता? दिलेलं उत्तर चांगलं जमलं म्हणून लिहून ठेवतो. इंटरनेटवर मराठीत एक ज्ञानकोश आहे. कुणीही लेख लिहावा, कुणीही दुसऱ्याचा सुधारावा, पैसे कुणालाच नाहीत. त्यातला तारे आणि परग्रह हा विभाग माझ्याकडे आहे. 'माझ्याकडे' हे अगदी अधिकृत नाही, पण तिकडे दुसरं कुणी फिरकत नाही. एक मिरजेचे किशोरसर सोडून. रिटायर्ड हेडमास्तर. ओळीओळीला पुरावा मागतात. समोरासमोर कधी भेटलो नाही, आणि भेटण्याची इच्छा नाही.
मंगलाबाई म्हणाल्या, ते झालं, पण जेवणाचं काय करताय?

१७ जून, रविवार
आज कळवणला जायचं नक्की होतं. इस्त्रीचा शर्ट घातलासुद्धा. पण ग्लीझ ५८१ चा लेख अर्धा पडला होता. एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी या ताऱ्याभोवती एक ग्रह जाहीर केला. तिथे पाणी असू शकेल म्हणतात. जगभरच्या भाषांत लेख आले आणि मराठीत काही नाही! ही लाज कुणाची? तारा तूळ राशीत, लाल आणि खुजा. ग्रहाचं वर्ष आपल्या तेरा दिवसांचं. लोडशेडिंगला वीस मिनिटं होती, तेवढ्यात अंतर, वस्तुमान, तापमान सगळं भरलं. शेवटचं बटण दाबलं आणि लाईट गेले. वेळेत काम करण्याची सवय फॅक्टरीने लावली.
मोहिनीला फोन करून सांगितलं, पुढच्या रविवारी नक्की. बरं, म्हणाली. तक्रार नाही, रुसवा नाही. समजूतदार आहे.

१ जुलै, रविवार
बदलीच्या कामाला लागलो. नवरा-बायको दोघेही नोकरदार असले तर त्यांना एकत्र ठेवायची सोय नियमात आहे. फॅक्टरीचा दाखला आणलासुद्धा. अर्जावर तिची सही हवी. आज फॉर्म पोस्टाने पाठवला. सोबत ग्लीझच्या लेखाचा प्रिंटआउट, तिच्या चौथीच्या मुलांसाठी.

१५ जुलै, रविवार
मोठा दिवस! एका स्थानिक पेपरच्या रविवार पुरवणीत 'नवी पृथ्वी सापडली?' असा अर्धा पान मजकूर. माझीच वाक्यं, बरीचशी जशीच्या तशी. 'हा तारा आपल्यापासून २०४ प्रकाशवर्षे दूर आहे' इत्यादी. माझं नाव नाही. हरकत नाही. पाच प्रती घेतल्या. एक मोहिनीसाठी.
या गडबडीत जाणं राहिलं.
सही केलेला फॉर्म आलेला नाही. पोस्टाचा कारभार.

२२ जुलै
किशोरसरांचा निरोप, लेखाच्या चर्चापानावर. अंतर वीस पूर्णांक चार आहे, तुमच्याकडून टिंब राहिलं असावं. दोनशे चारला पुरावा काय?
'राहिलं असावं'! तेवीस वर्षं ओझरला ड्रॉइंगच्या रेकॉर्डला आहे. विमानाच्या एका स्क्रूचं ड्रॉइंगसुद्धा मी वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय, माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही. टिंब म्हणे. ज्या इंग्रजी लेखावरून आकडे घेतले त्याचा प्रिंटआउट काढून बघितला. दोनशे चारच्या मध्ये काहीतरी काळं आहे खरं. पण तो चहाचा शिंतोडा असू शकतो.
उत्तर लिहिलं: पुराव्यासाठी पाहा, १५ जुलैची रविवार पुरवणी. तळटीपही टाकली.

२४ जुलै
किशोरसर म्हणतात, अहो गांगुर्डे, पेपरवाल्याने ते आपल्याच पानावरून घेतलंय. तारखा बघा. तुम्हीच बोललेलं गावभर फिरून तुमच्या कानावर आलं, त्याला तुम्ही साक्षीदार म्हणता काय?
उद्धटपणा आहे. दोन ठिकाणी एकच गोष्ट छापली आहे याचा काही अर्थ आहे की नाही?

५ ऑगस्ट, रविवार, सकाळ
दूधवाला बारकू दिंडोरीकडचा. दूध घालताना म्हणाला, मॅडमला सरकारनं लय लांब फेकलं म्हणं. बाईमाणसाला असं करू नाय. कुणी सांगितलं विचारलं, तर मंगलाबाईंनी. म्हणजे बाहेरच्या लोकांनाही हे दिसतंय. बरं वाटलं. कधीकधी मनात उगाच काहीबाही येतं, त्याला हे चांगलं उत्तर आहे.
दूध नासलं. तापवायचं विसरलो. मोहिनी असती तर.
ती असती तर बरं असतं. हे फक्त दुधाबद्दल लिहिलेलं नाही.

१९ ऑगस्ट
फोन केला. फॉर्मचं विचारलं. म्हणाली, मिळाला. मी म्हटलं, सही कर ना मग. म्हणाली, बघते. मी म्हटलं, मोहिनी, तुला एकटीला तिथे किती त्रास होत असेल. ती म्हणाली, मार्चमध्ये ऑपरेशन झालं तेव्हा जेवढी एकटी होते तेवढी इथे नाही.
हे बरोबर नाही. त्या दिवशी मी डिस्चार्जला जाणारच होतो. कुणीतरी येऊन शुक्राच्या लेखात वाटेल ते लिहून ठेवलं होतं, ते निस्तरायला एक तास लागला. मी पोचेपर्यंत ती रिक्षा करून घरी आली होती. टाके असताना एकटी जिना चढली, म्हणजे तब्येत ठणठणीत, असंच मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. कौतुकाने सांगितलं.
संकल्प: उद्यापासून रोज फक्त एक तास.

२० ऑगस्ट
चार तास. पण उद्यापासून.

१६ सप्टेंबर, रविवार
अखेर कळवणला जाऊन आलो. न सांगता गेलो, चकित करायचं म्हणून. मोहिनी घरी नव्हती. शाळेच्या मुली घेऊन गिरणेकाठी झाडं ओळखायला गेली होती. रविवारी! घरमालकीण सगुणाबाई, सत्तरीच्या. त्यांनी ओट्यावर बसवलं, कोरा चहा दिला. म्हणाल्या, मॅडम आल्या तव्हा पार वाळेल व्हत्या, आता दोन भाकरी खात्या अन् हसत्या बी. लय गुणाची बाई हाय. मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, तुमी कोन त्यांचे? भाऊ का?
सांगितलं, मिस्टर. त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.
तीन महिने झाले. एकदाही माझं नाव निघालं नसेल? निघालं असेल, म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात राहत नाही. तासभर थांबलो. शेवटची सोयीची एसटी साडेतीनची होती. नंतरही होत्या, असं कंडक्टर म्हणाला.
घरी येताना खिडकीशी बसून एकच विचार करत होतो. हसते म्हणे. इथे शेवटची कधी हसली होती, ते काही केल्या आठवेना.

१७ सप्टेंबर
ज्ञानकोशात किशोरसरांनी टिंब घातलं होतं, ते काढून दोनशे चार पुन्हा टाकलं. किशोरसरांनी काढलं. पुन्हा टाकलं. चौथ्या खेपेला ज्ञानकोशाच्या व्यवस्थापकांनी मला एक आठवडा लिहायला बंदी केली. एका टिंबासाठी!
घर फार शांत आहे.

२१ ऑक्टोबर, विजयादशमी
विहारात सगळी कॉलनी पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाल्यावर बायका मोहिनीची चौकशी करायला आल्या. दरवर्षी लहान मुलींचं गाणं तीच बसवते. मी म्हटलं, सरकारी बदली, रजा मिळत नाही. मंगलाबाई बाजूलाच होत्या. म्हणाल्या, पण भाऊ, आज तर सगळ्या शाळांना सुट्टी असते ना?
डोकं दुखतंय म्हणून लवकर आलो. डोकं खरंच दुखत होतं.

९ नोव्हेंबर, दिवाळी
शाळांना तीन आठवडे सुट्टी. मोहिनी मालेगावला बहिणीकडे गेली. बहिणीला बरं नसेल. तिने तसं सांगितलं नाही, पण नसेल. मी घर झाडून काढलं होतं. कॉम्प्युटर हॉलमधून उचलून माळ्यावर टाकायचंही ठरवलं होतं, तिला दाखवायला. ती येणार नाही म्हटल्यावर तसाच राहू दिला.
दोन माणसांचा भात लावला गेला. सवयीने.
संकल्प: आता फॉर्मची वाट बघायची नाही. स्वतः ऑफिसात जाऊन साहेबांना भेटायचं. अशी कशी बदली करतात, कोणत्या नियमाने, कुणाच्या सहीने, फाईल काढा म्हणायचं. मुळापासून बघितल्याशिवाय सोडायचं नाही.

१९ नोव्हेंबर, सोमवार
अर्धी रजा टाकून शिक्षण विभागाच्या ऑफिसात गेलो. तिथे दिनेश अहिरे क्लार्क आहे, आमच्याच कॉलनीत वाढलेला. त्याच्यासमोर आवाज चढवला. चार टेबलांवरची माणसं बघायला लागली. एका बाईला तिच्या संसारातून उचलून ऐंशी किलोमीटर लांब टाकताना तुम्हाला काही वाटत नाही का, वगैरे. भाषण तयार करून गेलो होतो, चांगलं झालं.
दिनेश म्हणाला, दादा, बसा. पाणी मागवलं. फाईल आणली, पण लगेच उघडली नाही. म्हणाला, ही विनंती बदली आहे. वहिनींनी स्वतः मागितलेली.
मी म्हटलं, शक्य नाही, दाखव.
त्याने दाखवलं. अर्ज मोहिनीच्या अक्षरात. फळ्यावर काढते तसं गोल अक्षर. पसंतीचे तालुके तीन लिहायचे असतात. एक, सुरगाणा. दोन, कळवण. तीन, बागलाण. कारण: वैयक्तिक. तारीख ९ एप्रिल. दिनेश हळूच म्हणाला, ओझरलाही जागा रिकामी होती, मी सुचवलं होतं वहिनींना. नको म्हणाल्या.
मागे एक कागद जोडलेला. नवऱ्याचं पत्र. पत्नीच्या बदलीस माझी हरकत नाही. खाली सही.
सही माझी आहे.
मी दिनेशला म्हटलं, ही खोटी आहे. त्याने फाईल माझ्याकडे सरकवली. मग मीच पुन्हा बघितली. तेवीस वर्षं रोज पन्नास ड्रॉइंगवर करतो ती सही. शाई माझ्या पेनाची.
ऑफिसातून पायीच आलो. वाटेत कुणीतरी हाक मारली, थांबलो नाही.

२० नोव्हेंबर, मंगळवार
कामावर गेलो नाही. संध्याकाळी मोहिनीला फोन केला. फाईल बघितली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, एकदाचं कळलं तुम्हाला.
मी विचारलं, माझी सही कधी घेतलीस? म्हणाली, एप्रिलमध्ये, संध्याकाळी. तुम्ही कॉम्प्युटरवर होतात. मी कागद पुढे केला. तुम्ही कुठे करू विचारलंत. मी बोट ठेवलं. तुम्ही केलीत, आणि पुन्हा तिकडे वळलात.
मी म्हटलं, सांगायचं होतंस ना तोंडाने.
ती म्हणाली, दोन वर्षं तोंडानेच सांगत होते. म्हणून त्या दिवशी लिहून आणलं. लिहिलेलं तरी तुम्ही वाचता असं वाटलं होतं. दुसऱ्यांचं वाचता ना, एकेक अक्षर. मनाशी ठरवलं होतं, यांनी वाचलं आणि हे काय म्हणून नुसतं विचारलं, तरी अर्ज फाडून टाकायचा.
मला रडू आलं, ते तिला ऐकू गेलं असणार. ती म्हणाली, जेवून घ्या. मग फोन ठेवला.
ती संध्याकाळ आठवून बघतोय. तिचं बोट आठवतं, कागदाचा कोपरा आठवतो. वर काय लिहिलं होतं ते आठवायचा प्रश्नच नाही. काल फाईलमध्ये मोजलं. सगळा मिळून चार ओळींचा कागद होता.