पहिल्या पंगतीत

मंगळवार, येळवशीची संध्याकाळ. लातूर

डोकं ठिकाणावर नाही. आज दुपारी शेतात, पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी, आईनं चुलीपासूनच सांगून मला पहिल्या पंगतीला बसवलं. येळवशीला, वेळ अमावास्येच्या या शेतातल्या जेवणाला, पहिली पंगत पाहुण्यांची. घरचे शेवटी बसतात. मेलबर्नला जायच्या आधी मी कायम शेवटच्या पंगतीत असायचो, वडलांच्या, अण्णांच्या शेजारी.

कशामुळे झालं हे? सकाळी शेतात पोचल्यावर काकूला विचारलं, "तब्येत कशी आहे तुझी?" तर काकू म्हणाली, "बातम्या सांगितल्यावानी बोलायलास की रं!" सगळे हसले. मीही हसलो. मग जेवणापर्यंत ठरवून 'लई', 'न्हाई' म्हणत राहिलो, तर चुलतभाऊ म्हणाला, "नक्कल करायलास का आमची?"

नक्कल! तिकडं ऑफिसात नऊ वर्षं झाली, अजून माझं प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लावतात. म्हणजे तिथलं आलेलं नाही. मग इथलं गेलं कधी?

आणि ती पहिली पंगत. मुद्दाम केलं नसेल तिनं. शेवटी आत्ता विचारलंच. आई ओशाळली.

"ध्यानातच न्हाई आलं रं लेकरा. मी चुलीकडं त्वांड करून होते. तुझं बोलणं कानावर आलं अन् वाटलं, पाव्हणं आलं."